मागणं संपल्यावर

विरारहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, रोज कुणा ना कुणाच्या हातात जपमाळ असते. ती सहसा दिसत नाही. हात पर्समध्ये असतो, ओठ हलत नाहीत, नजर खिडकीबाहेर. फक्त अंगठा मण्यामण्याने पुढे सरकत असतो आणि वसईच्या माणसाला ते लगेच कळतं. मीही त्यातलीच. वसई रोडहून गाडी सुटली की जपमाळेचं पहिलं रहस्य, नायगावला दुसरं, भाईंदरला तिसरं, मीरा रोडला चौथं, दहिसरला पाचवं. दोन स्थानकांच्या मध्ये दहा ‘नमो मरिया’ अगदी व्यवस्थित बसतात. बोरिवलीला गर्दी आत घुसायच्या आधी क्रुसाची खूण करायची आणि माळ डबीत टाकायची. पश्चिम रेल्वेनं ही स्थानकं जपमाळेच्या मापानंच बांधली, असं माझी एक मैत्रीण म्हणते.

यात हसण्यासारखं असलं तरी कमीपणा काही नाही. आमच्या घरची जपमाळ संध्याकाळच्या घंटेला बांधलेली होती. चर्चची घंटा ऐकू आली की आजी वाडीतून यायची, हातपाय धुऊन वेदीसमोर गुडघे टेकायची, आणि आम्ही मुलं डुलक्या खात उत्तरं द्यायचो. तिची प्रार्थना घंटेवर चालली, माझी वेळापत्रकावर. पण गाडी जरा आधी पोचली तर पाचवं रहस्य आवळून घ्यायचं, मध्येच थांबली तर रेल्वेवर चिडायचं, अशा जपात ऐकायला किती जागा उरते, हा प्रश्न मला लोकलमध्ये कधी पडला नाही. तो पडला महामार्गावर, इन्सुलीचा घाट उतरताना.

जुन्या गोव्यात २४ नोव्हेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा नोव्हेना सुरू होतो आणि ३ डिसेंबरला फेस्त असतं. त्या दिवसांत सिंधुदुर्गातून, बेळगावातून माणसं पायी निघतात. माझी मावशी लग्न करून सावंतवाडीला गेली. ‘एकदा आमच्याबरोबर चालून बघ,’ हे ती कित्येक वर्षं सांगत होती. मी दर वेळी रजेचं कारण द्यायची. शेवटी एका नोव्हेंबरात कारण संपलं आणि पहाटेच्या काळोखात मी तिच्या जथ्याबरोबर उभी राहिले. फादरनी आशीर्वाद दिला, सामान टेम्पोत गेलं, पुढे एकानं लाकडी क्रूस खांद्यावर घेतला आणि आम्ही चालायला लागलो. गारवा होता. कापलेल्या भातशेतांवर धुकं होतं, कुठे तरी कोणी पाणी तापवत असल्याचा धूर नाकात येत होता. अशा वेळी प्रार्थना करायला काही कष्ट पडत नाहीत. ती आपोआप होते, आणि आपण मोठे भक्त आहोत असंही वाटून जातं.

निघताना मी मागण्यांची यादी मनात नीट लावून घेतली होती, किराण्याची लावतात तशी, तातडीचं वर आणि जमलं तर बघू ते खाली. मुलाची नोकरी, नवऱ्याची साखर, भावकीतला जमिनीचा वाद, माझा गुडघा, बहिणीच्या मुलीचं लग्न. चालता चालता एकेक मागणी पुढे ठेवत गेले. सविस्तर, अगदी समजावून. देवाला आमच्या घरची परिस्थिती माहीत नसावी इतक्या तपशिलानं. आणि इन्सुलीच्या उतारावर माझ्या लक्षात आलं की यादी संपली. काही बाबी तर दोनदा मागून झाल्या होत्या. ऊन वर आलं होतं, बांदासुद्धा अजून यायचा होता, आणि त्याच्या पुढे अख्खा गोवा पडला होता.

लोकलमध्ये ही वेळ येत नाही. तिथे मागणं संपायच्या आत बोरिवली येतं. घरीही येत नाही, कारण तोवर कुकरची शिट्टी होते किंवा फोन वाजतो. मागून झाल्यावर देवासमोर नुसतं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असेल तर मी त्या दिवशी धर्मशिक्षणाच्या वर्गात नसावे. मी शेजारून चालणाऱ्या एका म्हातारीला गमतीनं म्हटलं, ‘आजी, माझं तर सगळं मागून झालं.’ तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, ‘झाला मां गो? मगे आता गप चल.’

मी गप चालू लागले. गप चालणं अवघड असतं. डोक्यात आधी ऑफिस येतं. मग कुणाचं तरी लागलेलं बोलणं येतं, पाच वर्षांपूर्वीचं, आणि त्यावर तेव्हा न सुचलेलं उत्तर आत्ता सुचतं. मग एखाद्या जाहिरातीचं गाणं येऊन बसतं आणि ते जातच नाही. महामार्ग चौपदरी झाल्यापासून या रस्त्यावर सावली राहिलेली नाही. काँक्रीट खालून तापतं, ट्रक अंगावर वारा टाकून जातात. त्यात आमच्या टेम्पोवर कर्णा होता. भक्तिगीतं मोठ्यानं लावल्याशिवाय यात्रा पोचत नाही अशी कुणाची तरी समजूत आहे, आणि ती सगळ्या धर्मांत सारखीच पक्की दिसते. सुदैवानं दुपारपर्यंत बॅटरीनं मान टाकली. त्यानंतर जो कंटाळा सुरू झाला तो निखळ होता. देवाशी एकटं राहायला मिळालं आणि मी कंटाळले, हे कबूल करायला मला पुढचे कितीतरी किलोमीटर लागले.

आविलाची संत तेरेसा ही प्रार्थनेच्या बाबतीत चर्चनं गुरू मानलेली बाई. तिनं स्वतःच्या चरित्रात लिहून ठेवलं आहे की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर ठरलेला तास कधी संपतो याकडेच तिचं लक्ष असे. घड्याळाचे ठोके कधी पडतात ते ती ऐकत बसे. हे मी पूर्वी वाचलं होतं आणि संतांची विनयशीलता म्हणून सोडून दिलं होतं. घामानं डोळे चुरचुरत असताना ते आठवलं आणि पहिल्यांदाच खरं वाटलं. ती घड्याळाकडे कान लावून बसली, पण बसली. तिच्या थोरपणाचं गमक मला आता त्या बसण्यात दिसतं, पुढे तिला झालेल्या दर्शनांपेक्षाही जास्त.

बांद्याला तेरेखोलच्या काठाजवळ एका घरी पाणी प्यायला थांबलो. घरमालक वारकरी निघाले. गळ्यात तुळशीची माळ, ओसरीवर विठोबाची तसबीर. त्यांनी आम्हाला गूळ दिला, चहा दिला आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाले, ‘फोड फोडू नका हं. सुई-दोरा ओवून ठेवा आत, पाणी आपोआप निघतं.’ मग माझ्या मावशीचं आणि त्यांचं बराच वेळ बोलणं झालं, ते सगळं पायांविषयी. कुठलं तेल, कुठल्या चपला, ओले मोजे घातले तर काय होतं. पंढरीची वाट चाललेला माणूस आणि जुन्या गोव्याची वाट चालणारी बाई यांच्यात देवाचा विषय निघाला नाही. निघायची गरज कुणालाच भासली नाही, असं मला वाटतं.

पत्रादेवीला राज्याची हद्द ओलांडली. तिथे १९५५ च्या पंधरा ऑगस्टला गोवामुक्तीसाठी गोळ्या झेललेल्या सत्याग्रहींचं स्मारक आहे. फादरनी तिथे थांबवून मृतांसाठी एक प्रार्थना म्हणवून घेतली. पुढे धारगळच्या बाजूला मोपाच्या विमानतळावर उतरणारी विमानं डोक्यावरून जायला लागली. मुंबईहून तासाभरात माणसं तिथे उतरतात आणि संध्याकाळी जुन्या गोव्याची बासिलिकाही बघून होते. एका दिवसात पाच चर्च, मध्ये बुफे जेवण, अशा वातानुकूलित यात्रा हल्ली निघतात. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी त्या ठीकच आहेत. ज्यांचे चालतात त्यांनी त्या बसमध्ये बसू नये, एवढं माझं मत मी राखून ठेवते.

चढ लागला की जप आपोआप तुटतो. वाक्य एका श्वासात पुरं होत नाही. कोलवाळच्या पुढे मी एका वेळी एकच शब्द म्हणू लागले. श्वास आत, श्वास बाहेर, एक शब्द. ‘पित्या’ एवढ्या एका शब्दाला अख्खा विजेचा खांब लागायचा. मला वाटलं ही आपल्या दमछाकीनं काढलेली पळवाट असेल. नंतर रात्रीच्या मुक्कामाला फादर म्हणाले, ही तर इग्नेशियसची पद्धत. लोयोलाच्या इग्नेशियसनं आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात प्रार्थनेच्या तीन रीती सांगितल्या आहेत. त्यातली तिसरी अशीच, श्वासाच्या लयीवर, दर श्वासाला प्रार्थनेतला एक शब्द आणि दोन श्वासांच्या मधल्या जागेत त्या शब्दाचा अर्थ किंवा ज्याच्याशी बोलतो आहोत त्याची आठवण. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला होता. तो लंगडत, पायी, भीक मागत युरोपभर हिंडला आणि म्हातारपणी आपली कथा सांगताना स्वतःला ‘यात्रेकरू’ म्हणत राहिला. चालणाऱ्या माणसाची प्रार्थना कशी असते हे अशा माणसाला कळलं असेल तर नवल नाही. पॅरिसमध्ये शिकताना त्याच्या खोलीत राहणारा तरुण म्हणजे फ्रान्सिस झेवियर. इग्नेशियस, झेवियर आणि ती घड्याळाकडे कान लावून बसणारी तेरेसा, या तिघांना पोपनी एकाच दिवशी, १२ मार्च १६२२ रोजी, संत म्हणून जाहीर केलं.

ती रात्र शाळेच्या हॉलमध्ये काढली. सतरंज्या, बामचा वास, घोरणं, आणि कुणीतरी अंधारातच पुन्हा सुरू केलेली जपमाळ. आमच्या जथ्यात जपाची पहिली अर्धी ओळ कोकणीत म्हटली जायची आणि उत्तर मराठीत यायचं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. या पट्ट्यात ते जुनंच आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथल्या भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा त्यानं मराठी ओवीत रचली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापलं गेलं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना गायला काही तरी हवं होतं, ही त्यामागची निकड. माणसाला प्रार्थनेत अर्थापेक्षा आधी चाल लागते, हे त्या परक्या माणसानं बरोबर ओळखलं होतं. हॉलमध्ये झोपेत अर्धवट ऐकू येणारे ते शब्द मला कळत होते की नाही हे सांगता येणार नाही. त्यांचा आधार मात्र वाटत होता.

आता चिठ्ठ्यांबद्दल. यात्रेला निघणाऱ्या माणसाकडे शेजारीपाजारी चिठ्ठ्या देतात. माझ्याकडेही दिल्या होत्या. मेणबत्तीसाठी पैसे आणि सोबत घडी घातलेला कागद. काहींनी कागदावर फक्त नाव लिहिलेलं, काहींनी पूर्ण अर्ज. आमच्या इमारतीतल्या एका गुजराती बाईनं मुलाच्या दहावीचा सीट नंबरसुद्धा लिहून दिला होता, घोटाळा नको म्हणून. पहिल्या दिवशी मी त्या चिठ्ठ्या पोचवण्याचं काम म्हणून घेतल्या होत्या. टपाल, बाकी काही नाही. पण स्वतःचं मागणं संपलं, कंटाळाही थोडा निवला, तेव्हा खिशातल्या चिठ्ठ्यांना हात लागला. मग मी एकेक नाव घेऊन चालायला सुरुवात केली. एका नावाला एक कोपरा, एक वळण, कधी एक गाव. त्यात एक नाव असं होतं की त्या माणसाशी माझं पटत नाही. चिठ्ठी त्याच्या बायकोनं दिली होती. त्याचं नाव मी दोनदा वगळलं. तिसऱ्यांदा घेतलं आणि म्हापसा येईपर्यंत ते सोडलं नाही. त्याच्याविषयी माझं मत तेवढ्यानं बदललं नाही. पण त्याच्या घरात आजारपण आहे, रात्री कुणीतरी जागं असतं, हे मला म्हापशापर्यंत दिसत राहिलं, आणि आधी ते कधी दिसलं नव्हतं.

झेवियरनंही नावं बाळगली होती. १५४६ च्या मे महिन्यात अंबोइना बेटावरून त्यानं आपल्या युरोपातल्या सोबत्यांना लिहिलं की तुमच्या पत्रांतल्या तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि त्या सतत अंगावर वागवतो. पत्र पोचायला वर्ष वर्ष लागायचं. ज्यांच्याबरोबर पॅरिसच्या खोलीत दिवस काढले ती माणसं पुन्हा भेटतील याची खात्री नव्हती. त्यातले बहुतेक त्याला पुन्हा भेटले नाहीतच. त्या कापलेल्या सह्यांची पुरचुंडी गळ्यात घालून तो बेटाबेटांवर हिंडत राहिला. झेवियरविषयी गोव्यात खूप चमत्कार सांगतात. मला ही पुरचुंडी पुरते.

आणि कंटाळाही त्याला चुकला नसणार. ६ मे १५४२ ला तो गोव्यात उतरला. हातात घंटी घेऊन रस्त्यानं वाजवत जायचा, पोरं गोळा व्हायची, त्यांना प्रार्थना पाठ करायला लावायचा. पुढे तमिळ किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या वस्त्यांत त्यानं तेच केलं. भाषा धड येत नव्हती. प्रार्थनांचं भाषांतर करवून घेतलं, स्वतः घोकलं आणि गावोगाव तीच तीच वाक्यं म्हणवून घेत फिरला. आवाज बसेपर्यंत, असं त्यानंच पत्रात लिहिलं आहे. घोकंपट्टीला आपण आता नावं ठेवतो. आत काही नसताना तोंडानं म्हटलेली प्रार्थना पोकळ, असं शिकलेल्या ख्रिस्ती माणसालाही वाटतं, मलाही वाटायचं. पण दुपारच्या उन्हात आत खरोखरच काही नसतं. तेव्हा तोंडात असलेली वाक्यंच माणसाला पुढे नेतात.

पर्वरीहून आम्ही बेतीला उतरलो आणि पहाटेच्या पहिल्या फेरीबोटींपैकी एकीनं मांडवी ओलांडली. चालणाऱ्याला तिकीट नसतं. नदीत कॅसिनोच्या बोटी रात्रभर जागून, दिवे न विझवता उभ्या होत्या. तिथेही रात्रभर मागणंच चाललेलं असणार. आमच्या बोटीवर कुणी काही बोललं नाही. फुटलेल्या पायांना तेवढाच वेळ आराम होता आणि तो कुणालाच वाया घालवायचा नव्हता.

पणजीपासून रायबंदरपर्यंत जुना बांध आहे. लिन्यारिशचा काउंट व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ मध्ये, जांभ्या दगडात बांधलेला. साधारण तीन किलोमीटरचा सरळ रस्ता, एका अंगाला मिठागरं, खारफुटी, बगळे. या वाटेवर आमच्यात गोव्यातले चालणारे मिसळले. पणजीच्या शाळेतली पोरं, अनवाणी बाया, दोघी नन, एक तरुण जो चालता चालता फोनवर कुणाला तरी कर्जाचे हप्ते समजावून सांगत होता आणि मध्येच थांबून जपाची उत्तरं देत होता. त्याचा मला आधी राग आला. नंतर वाटलं, याची प्रार्थना निदान हप्त्यांसकट चालली आहे. घरी ठेवून आलेला नाही तो काही.

जुन्या गोव्यात पोचल्यावर जे दिसतं ते फार थोडं असतं. बाँ जेझूची बासिलिका १५९४ ला बांधायला घेतली आणि १६०५ ला पवित्र केली. तिचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, तेव्हापासून ती लाल जांभ्यात उघडी उभी आहे. पर्यटकांना तो रंग आवडतो; दगडाला मात्र दर पावसाळा बाधतो. आत उजव्या हाताच्या चॅपलमध्ये टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवलेला संगमरवरी चौथरा, १६९८ मध्ये इथे उभा केलेला, आणि त्यावर गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली चांदीची पेटी. पेटी खूप उंचावर आहे. साधारण दहा वर्षांनी एकदा तिच्यातले झेवियरचे अवशेष खाली आणून दर्शनाला ठेवतात, अलीकडे ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. आमचं वर्ष साधं होतं. मान वर करून चांदीची चमक बघितली, रांग पुढे सरकली, मागच्यानं हळूच ढोसलं, झालं. इतकं चालून आल्यावर संताजवळ मिळालेला वेळ एका ‘नमो मरिया’पेक्षा जास्त नसावा. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. जे व्हायचं ते वाटेवर होऊन गेलं होतं, आणि रांगेत उभं असताना ते कुणी काढून घेणार नव्हतं.

बाहेर जत्रा. खाज्यांचे ढीग, चणे, प्लास्टिकच्या बादल्या, आणि मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची मुलं. ज्याचा जो अवयव दुखतो तो मेणात विकत घेऊन वाहायचा. मी पूर्वी याला नाक मुरडायची. त्या दिवशी मेणाचे पाय उन्हात थोडे वाकलेले दिसले आणि मी मावशीला म्हटलं, ‘एक जोडी घेऊया का?’ ती इतकी हसली की तिला दुभाजकावर बसावं लागलं.

एका बाजूला झाडांखाली खुर्च्या टाकून फादर कुमसार ऐकत बसले होते. पापनिवेदनासाठी मी एरवी जाते ती सणाच्या आधी, रांग लहान बघून, आणि नेहमीची तीन-चार पापं सांगून उठते. राग आला, खोटं बोलले, मिस्सा चुकवली. चालून आल्यावर मात्र यादी वेगळी निघाली. कंटाळ्याच्या त्या तासांत जे जे वर आलं होतं, ते लागलेलं बोलणं, ते उत्तर, तो दोनदा वगळलेला माणूस, ते सगळं तिथे सांगण्याजोगं होऊन बसलं होतं. विचलित होणं म्हणून मी ज्याच्याशी भांडत होते तेच कामाचं होतं. फादर वयस्क होते. त्यांनी उपदेश केला नाही; प्रायश्चित्त म्हणून एक आमच्या पित्याची प्रार्थना सांगितली, सावकाश म्हणा म्हणाले.

परतल्यावर लोक विचारतात, काय अनुभव आला? आमच्याकडे आध्यात्मिक अनुभव सांगण्याची एक धाटणी पडून गेली आहे. डोळ्यांत पाणी आलं, अंगावर काटा आला, सुगंध दरवळला. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच, की कंटाळा आला आणि पाय दुखले. लूकच्या शुभवर्तमानात दोन शिष्य अम्माऊसच्या वाटेनं चाललेले असतात, उदास, आपसात बोलत. एक अनोळखी माणूस त्यांना येऊन मिळतो. संपूर्ण वाटभर तो त्यांच्याबरोबर असतो आणि त्यांना पत्ता लागत नाही. कळतं ते भाकर मोडताना, आणि कळताक्षणी तो दिसेनासा होतो. त्या दोघांना वाटेतच कुणी विचारलं असतं, काय अनुभव आला, तर त्यांनीही बहुधा पायांचंच सांगितलं असतं.

पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. महिनोन्‌महिने. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. ‘बरं कर’ म्हणणं खोटं वाटायचं आणि ‘सोडव’ म्हणायला जीभ धजत नव्हती. रात्री त्यांच्याजवळ बसायची पाळी माझी असायची. मागण्यासारखं काही उरलेलं नाही अशी ती वेळ होती, आणि ती मला ओळखीची होती. त्या जागेत कसं राहायचं ते मी ‘गप चल’ म्हणणाऱ्या त्या म्हातारीबरोबर चालताना थोडं शिकले होते. सासूबाईंचा श्वास जड चालायचा. त्या लयीवर मी एक शब्द धरायची. कधी तोही सुटायचा आणि नुसता पंख्याचा आवाज उरायचा. याला प्रार्थना म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल; मी तो घालत नाही.

यात्रेनं प्रार्थना खोल होते असं धर्मोपदेशात सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की पवित्र जागी काहीतरी मिळतं आणि ते घेऊन घरी यायचं असतं. माझं म्हणणं उलट पडतं. जुन्या गोव्यात मला नवं काही मिळालं नाही. वाटेत गेलं मात्र बरंच: यादी गेली, उतावीळपणा गेला, आपली प्रार्थना चांगली चालली आहे ना हे दर दहा मण्यांनी तपासून बघण्याची खोड गेली. खोड तर पूर्ण गेलेली नाही. पाऊस लागला की गुडघ्याबरोबर तीही डोकं वर काढते.

तुम्हाला जायचं असेल तर सप्टेंबरपासून रोज थोडं चालायला लागा. नवे बूट घेऊ नका, जुने आणि मळलेलेच बरे. सुई-दोरा जवळ ठेवा. टेम्पोवरचा कर्णा बंद करायला सांगायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी सांगा, वाटेत कुणी ऐकत नाही. आणि आळीत एक फेरी मारून विचारा, कुणाचं नाव न्यायचं आहे का. चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. खिशात घामानं शाई पसरते आणि नावं वाचता येत नाहीत.